चेंजलॉग लिहायला वेळ कोणाकडे आहे?

आमच्या ऑफिसात दिवाळीनंतर एक नवा मुलगा लागला. हिंगण्याकडच्या कॉलेजातून आलेला, हाताला वेग, आणि कंटाळवाणं काम दिसलं की त्यावर स्क्रिप्ट लिहायची खोड. खोड चांगलीच म्हणायची. थोड्याच दिवसांत त्याने विचारलं, "मॅडम, चेंजलॉग आपण अजून हातानं काऊन लिहून राहिलो? गिटमध्ये सगळं आहेच ना."

चेंजलॉग म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी, आणि गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. प्रश्न रास्त आहे. मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं, ते त्याला पटलं नाही, आणि मग चहाच्या वेळी रोज हाच विषय. म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढू.

आधी आम्ही काय करतो ते. कपड्याच्या दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक बहुतेक नागपूरच्या गांधीबाग आणि इतवारीतलं, थोडं सीताबर्डीचं, काही उमरेड-काटोलकडचं. ऑफिस गायत्रीनगरात, आयटी पार्कजवळ. मिहानमधल्या मोठ्या कंपन्यांसारखी रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढणं, सांभाळायला वेगळी माणसं आमच्याकडे नाहीत. कोड लिहिणारे आम्ही मोजके लोक आणि फोनवर बसणाऱ्या एक ताई. या ताई आमच्याकडे येण्याआधी इतवारीतल्या एका साडीच्या दुकानात काउंटरवर होत्या. हे पुढे कामाला येणार आहे.

आमचा चेंजलॉग वाचतं कोण? काउंटरवरचा पोरगा वाचत नाही. शेठजीही वाचत नाहीत, पण कोणी वाचून दाखवलं तर ऐकतात. सीए वाचतात, वर्षाकाठी दोन-चार ओळीच, पण डोळ्यांत तेल घालून. ताई प्रत्येक ओळ वाचतात, कारण दुकानं उघडली की फोन त्यांनाच येतात: "ताई, रात्रीतून काय केलं तुम्ही? स्क्रीन वेगळीच दिसून राहिली." आणि सहा महिन्यांनी आम्ही स्वतः वाचतो, हे असं का केलं होतं ते शोधायला.

आता त्या मुलाची बाजू. त्याने सुचवलेली व्यवस्था जगभर चालते. गिटमधल्या बदलाच्या एकेका नोंदीला कमिट म्हणतात; तिच्या पहिल्या ओळीला ठरलेला उपसर्ग लावायचा. नवी सोय असेल तर ‘फीट’, दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, आणि जुनं काही मोडणार असेल तर उपसर्गापुढे उद्गारचिन्ह. कन्व्हेन्शनल कमिट्स म्हणतात ती हीच पद्धत, अँग्युलर या गूगलच्या वेब-फ्रेमवर्कच्या टीमच्या कमिट-नियमांवरून आलेली. मग सिमँटिक-रिलीजसारखं टूल हे उपसर्ग वाचतं. ‘फिक्स’ दिसलं तर व्हर्जनच्या तीन आकड्यांतला शेवटचा वाढवतं, ‘फीट’ दिसलं तर मधला, उद्गारचिन्ह दिसलं तर पहिला, आणि चेंजलॉगही तेच लिहून टाकतं. गूगलचं रिलीज-प्लीज थोडं सभ्य आहे: ते थेट रिलीज करत नाही, एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, उघडून ठेवतं आणि आपण मर्ज करेपर्यंत, म्हणजे ती मान्य करेपर्यंत, त्यातच भर घालत राहतं. रस्ट या भाषेत लिहिलेलं गिट-क्लिफ आहे, त्यात साचा हवा तसा वळवता येतो. कोड ठेवायच्या गिटहब या साइटने २०२१ मध्ये स्वतःचीच सोय आणली, पुल रिक्वेस्टची शीर्षकं गोळा करून लेबलांप्रमाणे लावून देणारी. म्हणजे हाताशी टूल नाही अशी सबब कोणालाच नाही.

त्याने गिट-क्लिफ आमच्याच जुन्या कमिटवर चालवून दाखवलं. जे आलं त्यातला एक तुकडा:

फिक्स: राउंड ऑफ
फीट: टॅक्स टेबल डेट-वाइज
फिक्स: राउंड ऑफ, पुन्हा
रिफॅक्टर: इनव्हॉइस सर्व्हिस
फिक्स: प्रिंट, आता तरी चालावं

हसू आलं सगळ्यांना. पण हसण्यावारी नेऊन वाद मिटत नाही. तो म्हणाला, "हे टूलचं नाही, कमिट लिहिणाऱ्याचं पाप आहे. कमिट नीट लिहा, चेंजलॉग नीट येईल." यात निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं त्या दुसऱ्या ओळीत आहे, कारण ती कमिट म्हणून अगदी नीट लिहिलेली ओळ आहे.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलची ५६वी बैठक झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू होणार हे जाहीर झालं. २२ तारखेला घटस्थापना. पुढे दसरा, दीक्षाभूमीवरची गर्दी, मग दिवाळी. कपड्याच्या धंद्यात याहून कडक हंगाम नाही. रेडीमेड कपड्यांचा तोपर्यंतचा नियम असा होता की नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १२. नव्या नियमात मर्यादा २५०० वर गेली: तोवर ५ टक्के, त्यावर १८.

कोडमध्ये आम्ही काय केलं? कराच्या टेबलला ‘कधीपासून’ असा एक कॉलम जोडला आणि बिलाच्या तारखेवरून दर उचलायला लावला. ‘टॅक्स टेबल डेट-वाइज’. प्रोग्रॅमरला याहून जास्त सांगायची गरज नाही. पण गांधीबागेतल्या दुकानात त्या एका ओळीतून काय काय घडलं ते बघा. १८०० चा शर्ट १२ वरून ५ वर आला. ३२०० ची शेरवानी १२ वरून १८ वर गेली. २७०० च्या कुर्त्यावर बिलातच ३०० सूट दिली तर तो २४०० चा झाला, म्हणजे १८ चा ५ झाला. सूट टाकता टाकता स्क्रीनवरचा कर बदलतो हे पाहून काउंटरवरचा पोरगा घाबरणार. आणि २२ तारखेआधी विकलेला माल त्यानंतर परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या जुन्या दरानेच निघणार, म्हणजे एकाच दिवशी एकाच शर्टाला दोन दर दिसणार.

हाताने लिहिलेली नोंद अशी गेली:

"रेडीमेड कपड्याचा कर आता बिलाच्या तारखेप्रमाणे लागेल. २२ सप्टेंबरपासून नग २५०० पर्यंत ५ टक्के, त्यावर १८. किंमत सूट वजा करून धरली जाते, त्यामुळे सूट टाकल्यावर दर बदलू शकतो. ही चूक नाही. २१ सप्टेंबरपर्यंतच्या बिलाचा माल परत घेताना जुना बिल नंबर टाका, जुना दर आपोआप येईल. बिल नंबर न टाकता परत घेऊ नका."

‘ही चूक नाही’ हे शब्द कुठल्या कमिटमधून येणार होते? आणि शेवटचं वाक्य तर कोडबद्दल नाहीच, ते दुकानातल्या सवयीबद्दल आहे. बिल नंबर न शोधता माल परत घ्यायची सवय सगळीकडे आहे, ती ताईंना माहीत होती. डिफमध्ये, म्हणजे कोडच्या बदललेल्या ओळींत, ती नव्हती.

आमच्या दुकानदारांना मी हे रोजमेळ आणि खतावणीच्या भाषेत सांगते. गिटचा लॉग हा रोजमेळ: जे झालं ते, झालं त्या क्रमाने. चेंजलॉग ही खतावणी: कोणाच्या खात्यावर काय पडलं. रोजमेळावरून खतावणी मशीन भरू शकतं, आमचंच सॉफ्टवेअर रोज भरतं. पण नोंद करतानाच कोणीतरी खातं सांगितलेलं असलं तर. नंतर रोजमेळाकडे बघून खातं ओळखा म्हटलं तर मुनीमही हात टेकेल.

हा भेद नवा नाही, हे त्या मुलाला सांगितलं तेव्हा त्याला गंमत वाटली. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लिखाणाच्या नियमांत कितीतरी आधीपासून दोन फाइली आहेत. चेंजलॉग नावाची फाइल प्रोग्रॅमरसाठी: तारीख, नाव, मग फाइल आणि फंक्शनवार काय बदललं. आणि न्यूज नावाची वेगळी फाइल, वापरणाऱ्याला जाणवेल तेवढंच सांगणारी. पुढे गिटसारखी साधनं आली आणि पहिल्या फाइलीतलं बहुतेक सगळं गिटच्या पोटातच मिळायला लागलं. जीएनयूचंच जीसीसी हे कंपायलर २०२० च्या जानेवारीत गिटवर आलं, आणि त्यानंतर त्यांच्या चेंजलॉग फाइली कमिटच्या मजकुरावरून स्क्रिप्टच भरते. मात्र प्रत्येक मोठ्या आवृत्तीत वापरणाऱ्यासाठी काय नवं, काय तुटेल, हे सांगणारं त्यांचं पान माणसंच लिहितात. पोस्टग्रेस या डेटाबेसकडेही कमिट गोळा करायची स्क्रिप्ट आहे, आणि तरी मोठ्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स वर्षानुवर्षं ब्रूस मॉमजियन कमिट वाचून वाचून लिहीत आले. जे यंत्राचं होतं ते यंत्राने घेतलं, एवढाच त्याचा अर्थ मी काढते.

डेबियन या लिनक्स प्रणालीचं तर सगळं उलटंच आहे, आणि मला ते फार आवडतं. तिथे पॅकेजचा व्हर्जन नंबरच चेंजलॉगच्या सगळ्यात वरच्या नोंदीतून वाचला जातो. नोंद नाही तर नवं व्हर्जन नाही. नोंदीत ठरलेल्या पद्धतीने बगचा नंबर लिहिला की पॅकेज अपलोड झाल्यावर तो बग बंद होतो. म्हणजे चेंजलॉग काम उरकल्यावर लिहायचा कागद नाही, कामाची किल्लीच ती. स्वयंचलित म्हणायचं तर हेही स्वयंचलितच, फक्त माणूस गाडीच्या मागे नाही, पुढे बसलाय. (तुलना नको होती, पण राहू द्या.)

व्हर्जन नंबरवरून आमच्यात खरी जुंपली. सिमँटिक व्हर्जनिंगचा, म्हणजे त्या तीन आकड्यांच्या पद्धतीचा, पहिलाच नियम आहे की आधी तुमचा पब्लिक एपीआय, म्हणजे दुसरे प्रोग्रॅम ज्याला जोडतात तो भाग, कोणता ते जाहीर करा. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यांनी तो नियम लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, लिहिणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून मांडला. आमच्या सॉफ्टवेअरला कोणी प्रोग्रॅम जोडत नाही, बोटं जोडतात. काउंटरवरचा पोरगा स्क्रीनकडे न बघता एफ८ दाबून बिल होल्ड करतो, पुढच्या गिऱ्हाइकाचं उघडतो, आणि मापाचा शर्ट शोधायला मागे वळतो. त्याच्यापुरता आमचा पब्लिक एपीआय म्हणजे एफ८. या जानेवारीत होल्ड एफ९ वर न्यायचं ठरलं. कोडमध्ये एका ओळीचा बदल; टूलच्या हिशेबाने शेवटचा आकडा वाढला असता आणि यादीत शेवटून तिसरी ओळ झाली असती. आम्ही पहिला आकडा वाढवला, नोंद सगळ्यात वर टाकली, आणि संक्रांतीची खरेदी आटोपेपर्यंत रिलीज थांबवलं. त्या मुलाला हे अति वाटलं. वाटू दे. त्याने अजून सणाच्या आदल्या दिवशी गांधीबागेत बिलाच्या रांगेत उभं राहून पाहिलेलं नाही.

पण हाताने लिहिण्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवता येत नाही. जुनी पद्धत, म्हणजे एकच फाइल आणि वर ‘अजून रिलीज न झालेलं’ असा मथळा, ही पद्धत खरोखर त्रासाची आहे. ओलिव्हिए लाकान यांच्या कीप अ चेंजलॉगमध्ये, म्हणजे २०१४ पासून चालत आलेल्या त्या साध्या नियमांमध्ये, हाच मथळा सांगितलाय आणि आम्ही तोच पाळत होतो. अडचण अशी की प्रत्येक जण आपली ओळ नेमकी त्याच जागी घालतो आणि प्रत्येक मर्जला कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणाची ओळ ठेवायची ते गिटला कळत नाही. कोडमध्ये एकही भांडण नाही, आणि चेंजलॉगसाठी मात्र रिबेस करत, म्हणजे आपले बदल नव्या कोडवर पुन्हा चढवत, बसा. गिटला ‘दोन्ही बाजू ठेव’ असं त्या फाइलीपुरतं सांगता येतं, मग ओळी गपचूप उलटसुलट लागतात. कंटाळून माणूस ओळ लिहायचीच सोडतो. चेंजलॉग न लिहिण्याचं कारण आळस असतं असं सगळे म्हणतात. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा ते कॉन्फ्लिक्ट असतं.

गिटलॅब या गिटहबसारख्याच कंपनीलाही हेच झालं होतं. त्यांनी प्रत्येक बदलाची वेगळी छोटी फाइल करून एका फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि रिलीजच्या वेळी त्या जोडायच्या. नंतर ते फाइली सोडून कमिटच्या शेवटी ‘चेंजलॉग’ अशी एक ओळ लिहायच्या पद्धतीवर गेले. पायथनवाल्यांकडे टाउनक्रायर आहे, पिप आणि पायटेस्ट ही पायथनची साधनं ते वापरतात, जावास्क्रिप्टवाल्यांकडे चेंजसेट्स. कल्पना एकच: लिहायचं माणसाने, ज्या दिवशी बदल केला त्याच दिवशी, वेगळ्या फाइलीत. गोळा करणं, क्रम लावणं, तारीख टाकणं आणि फाइली पुसणं मशीनने.

आम्ही इथे येऊन थांबलो आहोत, आणि स्क्रिप्ट अर्थातच त्या मुलाने लिहिली. रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, ‘बदल’ नावाचं फोल्डर. प्रत्येक पुल रिक्वेस्टसोबत एक फाइल. त्यात मथळा, काय बदललं, आणि दुकानात कोणाला दिसेल: काउंटर, स्टॉक, हिशेब, की कोणालाच नाही. मथळे कीप अ चेंजलॉगचेच सहा, मराठीत: नवीन, बदललं, लवकरच बंद, काढलं, दुरुस्त, सुरक्षा. फाइल नसेल तर बिल्ड, म्हणजे कोडवरून सॉफ्टवेअर तयार होणं, अडतं. खरंच काही सांगण्यासारखं नसेल तर ‘नोंद नको’ असं लेबल लावायचं. स्क्रिप्ट शेवटी दोन मजकूर काढते, एक आमच्यासाठी, आणि एक व्हॉट्सॲपवर पाठवायचा, ज्यात ‘कोणालाच नाही’ वाल्या नोंदी गाळलेल्या असतात.

रिलीजच्या आदल्या दिवशी ताई त्या फाइली वाचतात. हा भाग कुठल्याही टूलमध्ये नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे. एका फाइलीत लिहिलं होतं, ‘ग्राहक फॉर्मला व्हॅलिडेशन जोडलं.’ ताई म्हणाल्या, "म्हणजे मोबाइल नंबर नऊ आकडी पडला तर बिल अडणार, असंच ना? मग तसंच लिहा ना. आणि ज्याले नंबर द्यायचाच नाही त्यानं काय करायचं, तेही लिहा." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. रिकामा नंबरही अडत होता. चेंजलॉग वाचता वाचता कोड बदलला. ‘किरकोळ सुधारणा’ हे दोन शब्द त्यांनी कायमचे हद्दपार केलेत. त्यांचं म्हणणं, किरकोळ आहे की नाही ते फोन वाजल्यावर कळतं.

तारखेबद्दल एवढंच. ०३/०९ ला इथे ३ सप्टेंबर म्हणतात, पण परदेशी लायब्ररीच्या पानावर तेच ९ मार्च असू शकतं. आमच्या फाइलीत वर्ष-महिना-दिवस, व्हॉट्सॲपवर महिन्याचं नाव. विषय संपला.

मध्ये एकदा डिफ थेट एआय मॉडेलला देऊन मराठीत नोंद लिहवून घ्यायचा प्रयोग झाला. मराठी चांगलं आलं, माझ्यापेक्षा शुद्ध. पण एफ८ च्या बदलावर त्याने लिहिलं, ‘शॉर्टकट की अधिक सोयीस्कर केली.’ कोणाला सोयीस्कर? त्याला बदल दिसतो, बदलामागचा फोन ऐकू येत नाही. तरी मी त्याला ऑफिसबाहेर काढलेलं नाही. ‘नोंद नको’ लेबल लावलेल्या पुल रिक्वेस्टमध्ये स्क्रीनवरचा मजकूर किंवा की बदलली आहे का, हे ते बरोबर पकडतं. राखणीला ठीक, लिहायला नको.

आणि एक प्रकार असा आहे जो यांपैकी कशालाच दिसत नाही, कारण त्याची कमिटच नसते. १ एप्रिल २०२५ पासून वार्षिक उलाढाल १० कोटी किंवा जास्त असलेल्यांचं बिल ३० दिवसांहून जुनं झालं की ई-इनव्हॉइसचं, म्हणजे बिलं सरकारकडे नोंदवायचं, पोर्टल ते घेत नाही. आधी ही अट १०० कोटींपासून होती. गांधीबागेतले आमचे ठोक व्यापारी एका रात्रीत त्या अटीत आले. महिनाअखेरीला सगळी बिलं एकदम चढवायची पद्धत असलेल्यांची काही बिलं परत येणार हे उघड होतं. आमच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं, पण दुकानदाराच्या लेखी ‘सॉफ्टवेअर बिल घेत नाही’ हाच बदल. प्रिंटरच्या ड्रायव्हरचंही असंच होतं, कधी विंडोजचंही.

वेगळ्या फाइलींच्या पद्धतीचा इथे अनपेक्षित फायदा झाला. कोडला हात न लावता नुसती नोंदीची फाइल घातलेली पुल रिक्वेस्ट चालते. फक्त सहापैकी कुठल्याच मथळ्याखाली ती बसेना. मग सातवा मथळा केला: ‘बाहेरून बदललं’. नियमात नाही, आमच्यात आहे. त्याखाली आम्ही आता कायद्याचे, पोर्टलचे, विंडोजचे बदल लिहितो, कधीपासून लागू आणि दुकानात काय करायचं यासकट. एका सीएंनी तो भाग बघितला आणि तेवढाच दर महिन्याला वेगळा पाठवा म्हणाले, त्यांच्या इतर अशिलांना, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर न वापरणाऱ्यांनाही, द्यायचा आहे. स्क्रिप्टला तसा पर्याय जोडून झालाय. पैसे घ्यायचे की नाही यावर अजून ठरत नाही.